कंकर : काशीच्या काठावरील एका शास्त्रीय शब्दाची कथा

काशीस गंगा उत्तरवाहिनी होते. तिच्या पश्चिम काठावर एकाला लागून एक असे दगडी घाट उतरत गेलेले आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. अमृतराव घाट हा त्यांतलाच एक. अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र. १८०३ साली इंग्रजांशी करार करून त्यांनी वार्षिक नेमणूक पत्करली आणि त्यानंतरचे त्यांचे आयुष्य उत्तर हिंदुस्थानात गेले. १८२४ साली ते निवर्तले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बांधून काढलेला हा घाट ‘राजा घाट’ ह्या नावानेही ओळखला जातो. नगराच्या उत्तर टोकाचा राजघाट तो निराळा. वाचकांनी दोहोंची गल्लत करू नये.

घाटावर उभ्या राहिलेल्या यात्रेकरूच्या दृष्टीस पडतो तो चुनारच्या खाणींतील वालुकाश्म. काशीचे घाट बहुतांशी त्याच दगडाचे आहेत. परंतु हा दगड बाहेरून आणलेला आहे. त्याच्या खाली काशीची स्वतःची जी भूमी आहे ती मातीचीच आहे, खडकाची नव्हे. मग शतकानुशतके एवढ्या मोठ्या नदीचा मारा सोसून ही माती टिकली कशी? काशी शंकराच्या त्रिशूळावर उभी आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. भूशास्त्रज्ञाचे उत्तर ह्याहून साधे आहे. तो म्हणतो, काशी कंकरावर उभी आहे.

हा ‘कंकर’ शब्द दिसावयास लहान. तथापि भारतातील शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या तोंडून निघून तो जगाच्या मृदाशास्त्रात जाऊन बसला आहे. तो तेथे कसा पोहोचला, वाटेत त्याच्या अर्थात कोणता फरक पडला आणि तो फरक ध्यानात न घेतल्यास काय घोटाळा होतो, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

काठ का टिकला

वाहती नदी वळण घेते तेव्हा वळणाच्या बाहेरील काठावर तिचा वेग अधिक असतो. त्या बाजूस ती काठ खाते आणि आतील बाजूस वाळू टाकीत जाते. काशीस नेमके असेच वळण आहे. नगर बाहेरील, म्हणजे माऱ्याच्या काठावर आहे. समोरचा काठ सखल असून तेथे वाळूचे विस्तीर्ण पात्र पसरलेले दिसते. नियमाप्रमाणे नगराचा काठ ढासळावयास हवा होता. तो फारसा ढासळला नाही, ह्याचे एक कारण माणसाने बांधलेले घाट हे होय. पण घाटांच्या आधीपासूनचे कारण म्हणजे तेथील घट्ट चिकणमाती आणि तिच्यात जागोजाग रुतलेले चुन्याचे खडे.

गंगेच्या खोऱ्यातील गाळाचे लोक दोन प्रकार करतात. पुराच्या पाण्याखाली दरवर्षी जाणारी, नव्या गाळाची सखल जमीन ती ‘खादर’. पुराच्या आवाक्याबाहेर राहिलेली, जुन्या गाळाची उंच जमीन ती ‘भांगर’. भांगर जमिनीत हे खडे विपुल सापडतात, खादर जमिनीत क्वचितच. काशी भांगरावर वसली आहे. जेथे घाट बांधलेले नाहीत तेथे, उदाहरणार्थ वरुणेच्या संगमाकडे, उभ्या काठाची माती उघडी पडलेली असते. अशा ठिकाणी करड्या, पांढुरक्या, ओबडधोबड गाठी मातीत बसलेल्या दिसतात. कोणी सुपारीएवढी, कोणी बटाट्याएवढी, कोणी मुळीसारखी लांबट. हाच कंकर.

मातीतला खडा कसा जन्मतो

नदीतील गोटा डोंगरातून येतो. कंकर जागच्या जागी वाढतो. हा भेद महत्त्वाचा आहे.

पावसाचे पाणी मातीत मुरते तेव्हा वनस्पतींच्या मुळांनी आणि मातीतील सूक्ष्म जीवांनी श्वसनातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू त्यात विरघळतो आणि ते पाणी किंचित आम्लधर्मी होते. मातीतील चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शुद्ध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ह्या आम्लधर्मी पाण्यात मात्र विरघळतो आणि त्याच्याबरोबर खाली उतरतो. पुढे पावसाळा सरतो. पाणी खोलवर जाण्याचे थांबते, काही मुळे शोषून घेतात, काही वाफ होऊन जाते, वायू निघून जातो. तेव्हा विरघळलेला चुना पुन्हा घन होऊन एखाद्या वाळूच्या कणाभोवती किंवा कुजलेल्या मुळीच्या पोकळीत बसतो. पुढील वर्षी त्यावर आणखी एक पापुद्रा चढतो. ज्या गावच्या विहिरीचे पाणी जड असते तेथे पाणी तापविण्याच्या बंबात आतून पांढरी खपली धरते. ती याच रासायनिक क्रियेने; भेद एवढाच की बंबात जे काही महिन्यांत घडते त्यास मातीत शेकडो, कित्येकदा हजारो वर्षे लागतात.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. कंकर होण्यास चुना विरघळण्याइतका पाऊस हवा, पण तो चुना पार वाहून जाईल इतका पाऊस नको. म्हणून पावसाळा आणि दीर्घ कोरडा काळ आळीपाळीने येतात अशा प्रदेशात कंकर होतो. कोकणात अतोनात पावसाने चुना धुऊन जातो आणि लोह व ॲल्युमिनियम ह्यांची संयुगे मागे राहून जांभा तयार होतो. गंगेच्या मैदानात हा चुना मुख्यतः हिमालयातून आलेल्या गाळाबरोबर येतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत तो काळा पाषाण झिजून सुटलेल्या कॅल्शियमपासून बनतो. उगम भिन्न, परंतु क्रिया एकच.

कर्कर, कक्कर, कंकर

आता शब्दाकडे वळू. संस्कृतात ‘कर्कर’ म्हणजे कठीण, टणक. तसाच खडा, दगड असाही त्याचा अर्थ आहे. प्राकृतात ‘र’ पुढील व्यंजनात मिसळून त्या व्यंजनाचे द्वित्त होते. त्या नियमाने ‘कर्कर’ शब्दाचा ‘कक्कर’ झाला. पुढे त्या द्वित्ताच्या जागी अनुनासिक शिरले आणि ‘कंकर’ झाला. मूळ शब्दात अनुस्वार नसताना तो असा मागाहून येणे हे आपल्या भाषांत नवीन नाही. ‘सर्प’ ह्याचे ‘सप्प’ होऊन मराठीत ‘साप’ झाला, पण हिंदीत ‘साँप’ झाला. ‘अक्षि’ शब्दाची हिंदीत ‘आँख’ झाली. ‘उष्ट्र’ ह्याचा तर मराठीतही ‘उंट’ झाला.

‘कर्कर’ शब्दाशी ध्वनीने आणि अर्थाने जवळचा असा आणखी एक शब्द संस्कृतात आहे, तो म्हणजे ‘शर्करा’. आज तो ऐकताच आपणास गोडी आठवते. परंतु त्याचा जुना अर्थ खडे, रेती असाच आहे. मूत्रमार्गातून पडणाऱ्या बारीक खड्यांस आयुर्वेदात ‘शर्करा’ म्हणतात, तो ह्याच अर्थाने. उसाच्या रसापासून दाणेदार पदार्थ करण्याची विद्या साधल्यावर त्या दाण्यांस खड्यांचे नाव मिळाले. तेच नाव मराठीत ‘साखर’ झाले आणि फारसी-अरबी वाटेने युरोपातील भाषांत गेले. आपला ‘खडीसाखर’ हा शब्द ह्या दृष्टीने मोठा मौजेचा आहे. त्यातील ‘खडी’ म्हणजेही खडे आणि ‘साखर’ म्हणजेही मुळात खडेच!

मराठीतील ‘चुनखडी’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘चूर्ण’ ह्यापासून ‘चुना’ आला आणि ‘खटिका’ ह्यापासून ‘खडी’. आपला शेतकरी कंकरास बहुधा चुनखडी म्हणतो. परंतु पुस्तकांतून चुन्याच्या खडकासही कित्येकदा हेच नाव दिलेले आढळते. समुद्राच्या तळाशी थर साचून झालेला खडक आणि शेताच्या मातीत वाढलेली गाठ ह्या दोन वस्तू एका नावाखाली आल्या म्हणजे विद्यार्थ्यांची फसगत होते.

लोकांच्या तोंडून शास्त्रात

हिंदीत काय किंवा मराठीत काय, ‘कंकर’ म्हणजे कोणताही लहान खडा. काशीतला कंकर तोही शंकर, असे लोक म्हणतात तेव्हा तो खडा चुन्याचा की वालुकाश्माचा, ह्याची चौकशी कोणी करीत नाही. शास्त्राचे काम मात्र अशा मोकळ्या अर्थाने भागत नाही.

कंपनीच्या राज्यात सडका बांधणाऱ्या आणि कालवे खोदणाऱ्या अभियंत्यांस हा खडा पावलोपावली भेटू लागला. तो भाजला की चुना मिळे. त्यात चिकणमाती मिसळलेली असल्यामुळे त्या चुन्याचा गिलावा पाण्याखालीही घट्ट होई. रस्त्यावर पसरून, पाणी मारून धुम्मसाने ठोकला की त्याचा टणक थर बसे. उत्तर हिंदुस्थानच्या हमरस्त्याच्या मोठ्या भागावर असाच कंकर अंथरलेला होता. ह्या वस्तूसाठी इंग्रजीत तयार नाव नव्हते. तेव्हा मजूर जे म्हणत तेच साहेबांनी उचलले. कोणी ते ‘कंकर’ असे लिहिले, कोणी ‘कुंकुर’, तर कोणी ‘काँकर’.

यमुनेच्या पात्रातून नावा सुखरूप जाव्यात म्हणून कंकराचे खडक फोडण्याचे काम एकोणिसाव्या शतकात चालू होते. त्या खडकांत प्राण्यांची अश्मीभूत हाडे सापडली. कॅप्टन स्मिथ ह्या अभियंत्याने त्यावर लिहिलेले टिपण १८३३ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्याच्या मथळ्यातच ‘कंकर’ हा शब्द होता. योगायोग असा की त्या नियतकालिकाचे संपादक जेम्स प्रिन्सेप हे होते. ब्राह्मी लिपी वाचणारे म्हणून ज्यांची कीर्ती आहे ते हेच. १८२० पासून १८३० पर्यंत ते काशीच्या टांकसाळीत अधिकारी होते आणि त्या नगराचा नकाशाही त्यांनी तयार केला होता. काशीचा काठ त्यांच्या नित्य परिचयाचा होता.

पुढे १८५५ साली होरेस विल्सन ह्यांनी हिंदुस्थानातील न्यायालयीन व महसुली शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. त्यात ‘कंकर’ ह्याचा अर्थ मातीत आढळणारा एक प्रकारचा चुनखडक, असा निश्चित करून दिला. १८८६ साली यूल आणि बर्नेल ह्यांच्या प्रसिद्ध कोशाने ही व्याख्या स्वीकारली व शब्दाचे मूळ संस्कृत ‘कर्कर’ ह्याच्याशी जोडून दाखविले. येथे शब्दाचे खरे रूपांतर झाले. उच्चार लोकांचाच राहिला. अर्थाला मात्र कुंपण पडले. कोणताही खडा तो कंकर, हे मागे पडून मातीत जागच्या जागी तयार झालेली चुन्याची गाठ तो कंकर, असे ठरले. ह्या अर्थाने हा शब्द पुढे ऑस्ट्रेलियातील भूशास्त्रज्ञांनीही वापरला.

शब्द मिळविण्याच्या तीन वाटा

शास्त्रास नवा शब्द हवा असतो तेव्हा त्याच्यापुढे साधारणतः तीन वाटा असतात. मातीच्या शास्त्रात तिन्हींची उदाहरणे आहेत.

पहिली वाट भाषांतराची. १८०० साली फ्रान्सिस बुकॅनन हे मलबारात अंगाडिपुरमजवळ फिरत असता त्यांना एक तांबूस खडक दिसला. ओला असताना तो कुऱ्हाडीने कापता येई व वाळल्यावर विटेसारखा कठीण होई. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्यांनी त्यास ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लाटेर’ म्हणजे वीट. तेथील लोकही त्याला विटेचा दगड अशा अर्थाच्या नावाने संबोधतात, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. म्हणजे जगभर रूढ झालेले हे लॅटिन नाव वस्तुतः लोकांच्या नावाचाच अनुवाद होय. आपण त्यासच जांभा म्हणतो.

दुसरी वाट नवा शब्द घडविण्याची. १९०२ साली लॅम्प्लू ह्या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने चुन्याने सांधल्या गेलेल्या खडीच्या थरास ‘कॅल्क्रीट’ असे नाव दिले. त्यात चुना आणि काँक्रीट हे दोन शब्द जोडले आहेत. त्यातील ‘कॅल्क’ हा अंश लॅटिन ‘काल्क्स’ म्हणजे चुना ह्यापासून आला. १८०८ साली हम्फ्री डेव्ही ह्यांनी कॅल्शियमचे नाव ठेवले तेही त्याच शब्दावरून. त्याच कुळातला ‘काल्कुलस’ म्हणजे लहान खडा. रोमन लोक खड्यांनी हिशेब करीत, म्हणून हिशेब ह्या अर्थाचा इंग्रजी शब्दही त्यापासूनच निघाला. खड्यातून साखर निघाली तशी खड्यातून गणनाही निघाली.

तिसरी वाट लोकांचा शब्द जसाच्या तसा उचलून त्याची व्याख्या बांधून देण्याची. कंकर ह्या वाटेने आला. ह्या वाटेचा लाभ असा की वस्तू आणि नाव ह्यांची गाठ आधीच पडलेली असते. धोका असा की जुना सैल अर्थ नव्या घट्ट अर्थाच्या आड येतो. हा धोका प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या चुकीने अनुभवला आहे.

एका भाषांतराची चूक

फळबागांच्या जमिनीविषयीच्या एका लहान पुस्तिकेचे भाषांतर करीत असता मुळात ‘कंकर’ हा शब्द आला. शब्द ओळखीचा, म्हणून फारसा विचार न करता मी त्याचे मराठी ‘खडे’ असे केले आणि ‘ज्या जमिनीत खडे फार, ती संत्र्याच्या बागेस टाळावी’ असे वाक्य लिहून मोकळा झालो. पुस्तिका छापली गेली. पुढे विदर्भातील एका वाचकाचे पत्र आले. त्याने विचारले होते, ‘आमच्या रानात खडे पुष्कळ आहेत. ते वेचून टाकल्यास संत्री लावावीत काय?’

पत्र वाचून मी खजील झालो. मुरमाचे किंवा काळ्या दगडाचे खडे असलेली, पाण्याचा निचरा होणारी जमीन संत्र्यास वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ती चुन्याच्या गाठींची जमीन, आणि तेथे खडे वेचल्याने काहीही साधत नाही. कारण गाठ ही खूण आहे. मूळ दोष तिच्याभोवतालच्या मातीत असतो. तेथे चुना बारीक भुकटीच्या रूपाने सर्वत्र पसरलेला असतो. अशा मातीत लोह असूनही ते झाडास घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जस्त आणि स्फुरद ह्यांचीही तीच गत. एका शब्दाच्या ढिलाईने चांगली जमीन टाकून दिली जाण्याचा आणि वाईट जमिनीत बाग उभी राहण्याचा असा दुहेरी धोका निर्माण झाला होता. संत्र्याचे झाड फळास येण्यास काही वर्षे लागतात. तोवर चूक कळत नाही आणि कळते तेव्हा गेलेली वर्षे परत येत नाहीत.

कंकराची खूण ह्याहूनही खोल आहे. चिकणमातीचे कण कॅल्शियम धरून असतात तोवर माती भुसभुशीत राहते. कोरड्या हवामानात हा कॅल्शियम सुटून चुन्याच्या गाठींत अडकू लागला की मातीच्या कणांवर त्याची जागा सोडियम घेतो. मग कण एकमेकांपासून फुटतात, पाणी मुरत नाही, ओली जमीन चिकट आणि वाळलेली दगडासारखी होते. शेतकरी तिला ‘चोपण’ म्हणतो. अकोला, अमरावती व बुलढाणा ह्या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात अशा जमिनी आहेत. कंकराची वाढ आणि काळ्या जमिनीचे चोपणीकडे झुकणे ही जोडीने चालतात, हे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. उपाय नाही असे नाही. निचऱ्याची सोय, जिप्सम आणि सेंद्रिय खत ह्यांनी अशी जमीन सुधारता येते. मुळांची वाढ चांगली झाली की त्यांच्या श्वसनातून निघणारा वायू गाठींतील चुना पुन्हा थोडाथोडा विरघळवितो. परंतु उपाय करण्यास आधी दोष ओळखावा लागतो आणि तो ओळखण्यास नेमका शब्द लागतो.

ह्या अनुभवानंतर मी ‘चूर्णमय ग्रंथिका’ असा एखादा भारदस्त शब्द घडवावा की काय, असा विचार केला. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात खोट नव्हती. पण पूर्णेकाठच्या शेतकऱ्याने तो वाचून आपल्या रानातील वस्तू ओळखली असती काय? म्हणून अखेर ‘कंकर’ हाच शब्द ठेवला आणि त्याच्या पहिल्या उपयोगापाशी एक वाक्य जोडले : ‘मातीत जागच्या जागी तयार झालेली चुन्याची गाठ, काही ठिकाणी हिलाच चुनखडी म्हणतात.’

परीक्षा

शाळांतील विद्यार्थ्यांनी ही परीक्षा स्वतः करून पाहावी. शेतातून, विहिरीच्या उपशातून किंवा ओढ्याच्या उभ्या काठातून काही खडे जमवावेत. प्रत्येकाचा थोडा चुरा करून निरनिराळ्या बशांत ठेवावा आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब सोडावेत. आम्ल नसल्यास लिंबाचा रसही चालेल. मात्र त्याची क्रिया मंद असते. जो चुरा फसफसेल त्यात चुना आहे. फसफसून निघणारे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात. कधी काळी एखाद्या मुळीच्या श्वसनातून निघून मातीच्या पाण्यात मिसळलेला वायूच त्या गाठीत बंदिस्त झालेला असतो. त्या कार्बनवरून पूर्वी तेथे वृक्ष होते की गवत, हेही शास्त्रज्ञ सांगू शकतात. पाकिस्तानातील पोटवार पठारावरच्या प्राचीन मातींतील अशाच गाठी तपासून, सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी तेथे उष्ण प्रदेशातील गवताचे राज्य पसरू लागले, असा निष्कर्ष १९८९ साली काढण्यात आला.

जो खडा फसफसणार नाही, तो मराठी बोलण्यात खुशाल कंकर म्हणवून घेवो; मृदाशास्त्रात तो कंकर नव्हे. बोलीतला शब्द शास्त्रात येतो तो ह्या दोन थेंबांच्या परीक्षेतून. अमृतराव घाटाच्या पायऱ्या उतरताना यात्रेकरूच्या पायाखाली चुनारचा दगड असतो, पण त्या दगडाचा भार ज्या मातीने पेलला आहे तिच्यात हे साधे खडे आहेत. भाषेतही असेच असते. शास्त्राच्या भारदस्त इमारतीखाली बोलीतले शब्द पडलेले असतात, आणि ते पारखून बसविलेले असले म्हणजे इमारत ढासळत नाही.